पाच आवाजांचं वाद्य

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम' जपानच्या बाजारात आला. खेळ चालवणारा प्रोसेसर आणि आवाज काढणारी यंत्रणा रिको कंपनीच्या '२ए०३' या एकाच चिपवर होती. आवाज पाच: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक नुसत्या खरखरीचा आणि पाचवा ध्वनिमुद्रणाचे ओबडधोबड तुकडे वाजवणारा. कोजी कोंदो यांनी १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं संगीत यातल्या पहिल्या चारांवर बांधलं. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०२३ मध्ये त्याची मुख्य धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला.

आज जगभर अशा चिपांवर नवं संगीत, म्हणजे 'चिपट्यून', रचलं जातं. त्याला निव्वळ बालपणीची ओढ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. चिप हे वाद्य आहे, आणि वाद्याला अंगचा स्वभाव असतो.

तो स्वभाव सुरातच दिसतो. इथे सूर म्हणजे चिपला दिलेला एक पूर्णांक. आकडा जितका लहान, तितका सूर उंच. ४४० हर्ट्‌झसाठी चौकोनी लहरीला २५३ द्यावा लागतो. तिथून आंदोलन घेत खाली उतरलं की २५६ गाठावा लागतो, आणि तो आकडा एका बाइटमध्ये मावत नाही. दुसऱ्या बाइटला हात लावला की लहर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि 'टक्' ऐकू येतं. जाणकार रचनाकार ही जागा चुकवतो किंवा मुद्दाम वापरतो. २४० हर्ट्‌झच्या आसपास लगतच्या आकड्यांचे सूर एकमेकांच्या इतके जवळ असतात की मींड बऱ्यापैकी गुळगुळीत येते. वर मात्र १९९८ नंतर थेट २०३४ हर्ट्‌झ. ही उडी आपल्या संगीतातल्या प्रमाणश्रुतीच्या बारीक अंतराहून मोठी आहे, म्हणजे तिथे मींड विसरायची.

त्रिकोणी लहरीला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही; ती वाजते किंवा थांबते. म्हणून तिच्याकडे बहुधा खर्जाचं काम येतं. एका लहरीत तीन सूर हवे असतील, तर ते सेकंदाला ६० वेळा आलटून पालटून वाजवायचे; कान त्यांची संगती लावून घेतो. चिपट्यून म्हटल्यावर आठवणारी ती थरथर अशी गरजेतून आली.

१९८९ च्या 'गेम बॉय'मध्ये चारच आवाज, पण त्यातल्या एकाची लहर ३२ बिंदूंनी स्वतः आखता येते. जर्मनीच्या ऑलिव्हर विटखोव यांचं 'नॅनोलूप' आणि स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचं 'एलएसडीजे' या संगीतरचनेच्या कार्ट्रिजांनी तळहातावरच्या या खेळण्याला थेट मंचावर नेलं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी टीव्हीला जोडलेले 'व्हिडिओ गेम' बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होते. अशा काही नकली चिपांत चौकोनी लहरीच्या दोन जातींची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे तेच सूर, तीच लय, पण नाद वेगळा. म्हणजे आपल्यातल्या काहींनी ऐकलेला मारिओ मूळ मारिओहून निराळा असू शकतो. संगणकावरची नक्कल सहसा मूळ चिपची असते, त्यामुळे हा नाद मुख्यतः त्या जुन्या डब्यांतच ऐकू येतो.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल, तर भंगारात देण्याआधी तो एकदा टीव्हीला जोडा, चालला तर त्याचा आवाज नीट मुद्रित करा आणि आतल्या चिपवरचा क्रमांक लिहून ठेवा.