१०,३६३ वेळा

२८ एप्रिल २००७. न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची, वार्षिक खेळाडू-निवड चालू होती. विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या मोजक्या मुलांना त्या दिवशी खास बोलावणं असतं. नवा सूट, सोबत घरची मंडळी, समोर कॅमेरे असा सगळा थाट. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा जो थॉमस मात्र तिकडे फिरकलाच नाही. क्लीव्हलँड ब्राउन्सने तिसऱ्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं, तेव्हा तो वडिलांबरोबर लेक मिशिगनमध्ये होडीतून मासे धरत होता.

पुढे अकरा हंगाम हा माणूस एकाच संघाकडून, एकाच जागी खेळला. ती जागा लेफ्ट टॅकलची. मधला सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो स्नॅप. तिथून प्रत्येक चाल सुरू होते. सेंटरच्या दोन्ही हातांना गार्ड, त्यांच्या कडेला टॅकल. या पाचजणांनी चेंडू घेऊन पळायचं नसतं, आणि नेहमीच्या चालीत पुढे फेकलेला पास झेलायचीही त्यांना मुभा नसते. मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला दोन-अडीच सेकंद मिळवून द्यायचे आणि पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची, एवढंच त्यांचं काम. उजव्या हाताने चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते आणि तिकडून धावून येणारा त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ला न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थीसमनला खाली ओढलं, पाय मोडला आणि थीसमनची कारकीर्द तिथेच संपली. क्वार्टरबॅकची ती आंधळी बाजू सांभाळणाऱ्याची किंमत त्यानंतरच्या वर्षांत चढतच गेली.

साडेसहा फूट उंचीचा आणि १४० किलोंच्या आसपास वजनाचा थॉमस हे काम कसं करायचा, हे पाहण्यासाठी चेंडूवरची नजर हटवावी लागते. स्नॅप झाला की डावा पाय मागे आणि किंचित बाहेर, उजवा त्याच्यामागे घसटत. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, हात छातीजवळ तयार. समोरचा सव्वाशे किलोंचा गडी सरळ पुढे धावत येतोय आणि याला मागे सरकत त्याला थोपवायचंय. हात आधी टाकले तर तो ते झटकून बगलेतून निसटतो, उशीर केला तर छातीवर आदळतो. खांद्याबाहेर जर्सी धरून ओढल्याचं पंचांनी पाहिलं तर संघाला दहा यार्डांचा दंड. थॉमस अंगावर धावून जात नसे. हात टाकायची घाई न करता पावलांनीच तो समोरच्याची वाट लांबवत न्यायचा. त्याची पावलं चुकलेली क्वचितच दिसत. या खेळातलं मला सर्वांत देखणं वाटणारं कसब हेच आहे.

विद्यापीठात तो गोळाफेकही करायचा. २००६च्या जानेवारीत संघाला माणसं कमी पडली म्हणून तो बचावफळीत उतरला आणि त्याच सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्यातून सावरून त्याच वर्षी त्याने फळीतल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूसाठी असलेली आउटलँड ट्रॉफी मिळवली.

ब्राउन्स हा फार प्रेमाचा आणि फार दुखावलेला संघ. १९९६मध्ये मालकाने आख्खा संघ बाल्टिमोरला नेला. १९९९मध्ये क्लीव्हलँडला नवा संघ मिळाला, पण जुनी पत परतली नाही. थॉमसच्या पहिल्या हंगामात त्यांनी सोळापैकी दहा सामने जिंकले, तरी बाद फेरी हुकली. नंतर उतरणच. सहा मुख्य प्रशिक्षक आले-गेले, क्वार्टरबॅक तर वीसच्या घरात बदलले. थॉमस खेळला ते १६७ सामने. त्यांतले ४८ जिंकले, ११९ हरले. याच काळात पहिल्या दहाही हंगामांत त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झाली आणि सहा वेळा तो लीगभरातून निवडलेल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात होता.

आणि या सगळ्यात तो एकदाही मैदानाबाहेर आला नाही. आक्रमणाच्या सलग १०,३६३ चाली. १९९९पासूनच्या मोजणीत इतकी अखंड मालिका दुसऱ्या कुणाची नाही. लोक याला चिवटपणा म्हणतात, पण मला ते अपुरं वाटतं. सामना हातचा गेला की शेवटच्या दहा मिनिटांत प्रमुख खेळाडूंना बाहेर बसवणं सर्रास चालतं आणि ब्राउन्सच्या वाट्याला अशी दहा मिनिटं रग्गड आली.  गुडघे तर केव्हाच कुरकुरू लागले होते. बदली खेळाडू आत पाठवायला हजार निमित्तं होती, पण निकाल लागून गेलेल्या सामन्यातही मागे जो कोणी नवखा क्वार्टरबॅक असेल त्याची पाठ उघडी टाकायची नाही, हे थॉमसने ठरवलेलं होतं. मालिकेचं मोल मी तिथे मोजतो.

२०१५मध्ये डेन्व्हर ब्राँकोसशी त्याच्या अदलाबदलीची बोलणी अगदी मुदतीपर्यंत चालली आणि फिसकटली. त्याच हंगामात डेन्व्हरने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. क्लीव्हलँड तेरा सामने हरलं. संघ सोडायचा हट्ट त्याने तेव्हाही धरला नाही.

२२ ऑक्टोबर २०१७ला टेनेसी टायटन्सविरुद्ध डाव्या दंडाचा ट्रायसेप्स स्नायू फाटला आणि मोजणी थांबली. पुढच्या मार्चमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. या जागेवर खेळायचं तर वजन टिकवण्यासाठी भूक असो-नसो दिवसभर खात राहावं लागतं. ते बंद करून त्याने सुमारे ५० पौंड, म्हणजे बावीस-तेवीस किलो उतरवले. जुन्या चित्रफिती पाहून आलेल्याला तो चटकन ओळखू येत नाही.

एनएफएलच्या बाद फेरीचा एकही सामना न खेळलेल्या या माणसाला पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये निवडलं गेलं. ५ ऑगस्ट २०२३ला तो समारंभ झाला ओहायोतल्याच कँटन गावी, क्लीव्हलँडहून गाडीने तासाभराच्या अंतरावर. साहजिकच ब्राउन्सचे चाहते लोटले होते. दोनच दिवस आधी तिथल्या मैदानावर ब्राउन्सने हंगामपूर्व सामन्यात न्यू यॉर्क जेट्सला हरवलं होतं.