संत्र्याचं पान भर दुपारी काय करतं?

मे महिन्यात काटोल-वरुडकडच्या एखाद्या बगीच्यात दुपारी बारानंतर जाऊन बघा. पारा ४५ अंशांकडे निघालेला आणि संत्र्याची पानं मधल्या शिरेवर दुमडून होडीसारखी झालेली. एवढं लख्ख ऊन मिळतंय तर झाड भरपूर अन्न तयार करत असेल, असं वाटतं. पण त्या घटकेला पानातलं काम जवळजवळ ठप्प असतं.

पानाच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रं असतात. कर्बवायू आत येतो तो त्यांतूनच, आणि पाण्याची वाफ निसटते तीही त्यांतूनच. हवा कोरडी पडली, मुळांशी ओल उरली नाही, की लिंबूवर्गातली झाडं ही रंध्रं मिटून घेतात. पाणी वाचतं, पण कर्बवायू बाहेरच राहतो. वाफ थांबल्यामुळे पान हवेपेक्षाही जास्त तापतं. त्या उष्णतेत पानातलं रुबिस्को हे विकर कर्बवायूऐवजी प्राणवायूला अधिक वेळा पकडू लागतं आणि केलेली कमाई थोडी थोडी वाया जाते. वरून ऊन कोसळतच असतं. न वापरलेली ही ऊर्जा मग हरितद्रव्याच्या यंत्रणेलाच इजा करते.

म्हणून अशा दिवसांत विरळ सावली या झाडांना मानवते. संत्र्याच्या एका पानाला भर उन्हाचा साधारण तिसरा हिस्सा पुरतो. त्यापुढचा प्रकाश त्याच्या उपयोगाचा नाही. सावलीत पान कमी तापतं आणि रंध्रं अधिक वेळ उघडी राहतात. दाट सावलीची गोष्ट मात्र निराळी. तिथली पानं रुंद, पातळ होतात, फुलं कमी लागतात. झाडाच्या आतल्या भागात फळं विरळ दिसतात, त्याचं हे मोठं कारण. बागाईतदार सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढून आत उजेड पोचवतात, ते उगाच नाही.

आणि तरीही आपण या झाडाला मुद्दाम तहानेलं ठेवतो! आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडलं, म्हणजेच ताण दिला, की वाढ थांबते, आणि पुन्हा पाणी दिल्यावर फुलं येतात. तेव्हा थंडी असल्यानं पानाला ते सोसतं. मृग बहार पावसाळ्याच्या सुरुवातीचा, म्हणून त्याचा ताण मेमधल्या उन्हात द्यावा लागतो. तो मला कितीतरी जोखमीचा वाटतो. हलक्या जमिनीत तर ओल चटकन सरते आणि चार दिवस जास्त झाले तरी पानगळ हाताबाहेर जाते. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. तिथे ताण तोडायला पाणीच उरलं नव्हतं.