घरच्या घरी शेर्पा

ट्रायल्स ही वेगाची नव्हे, तोलाची शर्यत: दगडधोंड्यांतून पाय न टेकता मोटारसायकल काढायची. ट्रायल्सपटू सॅमी मिलर यांच्या मदतीने १९६४मध्ये घडलेल्या स्पॅनिश बुल्टाको शेर्पा टीने १९६५ची स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. तिचे टू-स्ट्रोक इंजिन घरी उघडण्याइतके साधे आहे. जुनी शेर्पा घरी दुरुस्त करताना रंगरंगोटीआधी क्रँकची ऑइल सील बदला, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. मॅग्नेटोकडचे सील कडक झाले की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचे प्रमाण कमी पडते आणि पिस्टन जॅम होतो. क्लचकडचे सील गेले, तर तिथले ऑइल इंजिनात ओढले जाऊन पांढरा धूर सुटतो. फायबरग्लासच्या जुन्या टाकीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल नको. त्याने टाकीतली राळ मऊ पडून कार्बोरेटरमध्ये चिकटते.