गर्भवतीची थायरॉईड ग्रंथी आणि बुरशीनाशकाची परीक्षा

द्राक्षावरील केवडा आणि बटाटा-टोमॅटोवरील करपा यांसाठी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरले जात आहे. त्याच्या पुड्यावर हिरवा त्रिकोण छापलेला असतो. तांबडा त्रिकोण अत्यंत विषारी औषधाचा, त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, अशी ही उतरंड आहे. हिरवा रंग पाहून पुष्कळ बागाईतदार निर्धास्त होतात. घरातील स्त्रियांनीच पुडा फोडावा, पिंपात काठीने ढवळावे, हा प्रकार ग्रामकार्यकर्त्यांच्या नित्य पाहण्यातला आहे. तेव्हा या त्रिकोणाचा अर्थ नेमका किती, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

त्रिकोणाचा रंग ठरतो तो एकदाच दिलेल्या मात्रेवरून. प्रयोगातील निम्मे उंदीर ज्या मात्रेने दगावतात, ती तोंडावाटे दर किलो वजनास ५,००० मिलिग्रॅमहून अधिक असली की औषध हिरव्या वर्गात येते. रोज थोडेथोडे अंगावर येणाऱ्या औषधाविषयी किंवा मातेच्या उदरातील बालकाविषयी हा रंग काहीच सांगत नाही. त्यासाठी निराळ्या परीक्षा कराव्या लागतात.

गळ्याच्या पुढील बाजूस असलेली थायरॉईड ग्रंथी रक्तातील आयोडीन ओढून घेते व त्यापासून थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. गर्भाच्या मेंदूतील चेतापेशींनी कोठे जावे, केव्हा पक्व व्हावे, यावर या संप्रेरकाचे नियंत्रण असते. गर्भाची स्वतःची ग्रंथी सुमारे १२ व्या आठवड्याच्या सुमारास आयोडीन धरू लागते, आणि तिच्याकडून पुरेसा स्राव होऊ लागण्यास गर्भारपणाचा मध्य यावा लागतो. तोपर्यंत बालकाची सारी भिस्त मातेच्या थायरॉक्सिनवर असते. अमेरिकेत जेम्स हॅडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेली पाहणी या बाबतीत बोलकी आहे. गर्भारपणी ज्यांच्या थायरॉईडच्या न्यूनतेवर उपचार झाले नव्हते, अशा मातांच्या ७ ते ९ वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक इतर मुलांपेक्षा सरासरीने ७ गुणांनी कमी भरला. त्या मातांची न्यूनता औषधफवारणीने आलेली नव्हती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु मातेचे संप्रेरक घटले तर बालकाचे काय होऊ शकते, हे त्यावरून कळते.

आता मॅन्कोझेबकडे वळू. हे औषध शरीरात गेल्यावर, तसेच ओलसर व उष्ण जागी साठवले असता किंवा त्याचा अंश असलेले अन्न शिजवले असता, त्यापासून एथिलीन थायोयुरिया हा पदार्थ निर्माण होतो. आयोडीनपासून संप्रेरक घडविणारे जे विकर ग्रंथीत असते, त्याचे काम हा पदार्थ रोखतो. थायरॉक्सिन कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक अधिकाधिक सोडून थायरॉईडला हाकीत राहते. गुऱ्हाळातील चरक अडला असता त्यात मोळ्यांवर मोळ्या कोंबीत राहावे, तसा हा प्रकार होतो.

याची परीक्षा पांढऱ्या उंदरांवर घेतात. गाभण माद्यांचे गट पाडून गाभणपणाच्या सहाव्या दिवसापासून त्यांना निरनिराळ्या मात्रा देतात. एका गटास औषध मुळीच देत नाहीत. मात्रा पिले अंगावर पीत असेतो चालू ठेवतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००७ साली स्वीकारलेल्या ४२६ क्रमांकाच्या पद्धतीत पिलांची हालचाल, आवाजाने दचकणे, शिकण्याची व लक्षात ठेवण्याची शक्ती पाहून शेवटी मेंदूचे छेद तपासतात. तिच्यात एक उणीव राहिली होती: मातेच्या व पिलांच्या रक्तातील संप्रेरके मोजणे बंधनकारक नव्हते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००५ साली माता, गर्भ व पिले या तिघांच्याही रक्तातील संप्रेरके तपासण्याची मार्गदर्शिका काढली होती. पुढे २०१८ साली गर्भविकृतीच्या ४१४ क्रमांकाच्या परीक्षेतही गाभण मादीची थायरॉईड संप्रेरके मोजणे समाविष्ट झाले.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्यात तथ्यही आहे. उंदराच्या रक्तातील थायरॉक्सिन एका दिवसाच्या आत निम्मे होते, मनुष्याच्या रक्तात त्यास सुमारे आठवडा लागतो. म्हणून उंदराची ग्रंथी लवकर बिघडते. प्रौढ उंदराच्या ग्रंथीत उठणाऱ्या गाठींविषयी हा युक्तिवाद मान्य करता येईल. गर्भाच्या बाबतीत मात्र तो अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण मातेच्या थायरॉक्सिनवर विसंबणे दोन्हींकडे सारखेच आहे. उलट नेहमीच्या वर्तनपरीक्षांतून बारीक दोष निसटतात, हीच भीती अधिक आहे. जेरेमी गुडमन व मेरी गिल्बर्ट यांनी २००७ साली दाखवून दिले की, मातेचे संप्रेरक माफक घटले असतानाही पिलांच्या मेंदूत चेतापेशींचा पुंजका भलत्याच जागी अडकून राहतो.

युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले. प्रजननास घातकता व अंतःस्रावी ग्रंथींतील बिघाड ही त्यामागील कारणांपैकी होत. आपल्या केंद्र शासनाने मे २०२० मध्ये २७ औषधांवरील बंदीचा मसुदा काढला, त्यात मॅन्कोझेब होते. २०२३ च्या मसुद्यात त्यावरील सरसकट बंदी राहिली नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त माहिती मिळते ती मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशातून. तेथे केळीच्या मळ्यांवर विमानातून मॅन्कोझेब फवारले जात असे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५१ गर्भवतींच्या लघवीतील एथिलीन थायोयुरिया मोजण्यात आले. मळ्यापासून ४८ मीटरच्या आत राहणाऱ्या स्त्रियांत ते सर्वांत दूर राहणाऱ्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी अधिक होते. गर्भारपणी शेतीकाम केलेल्या स्त्रियांत १९ टक्क्यांनी, आणि केवळ शेतकामाचे कपडे आदल्या दिवशी धुतलेल्या स्त्रियांत ११ टक्क्यांनी अधिक. फवारणी न करणाऱ्या बाईपर्यंतही औषध धुण्यातून पोहोचते, हे यातून ध्यानी येईल.

म्हणून गर्भवतीने, तसेच मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने, औषध कालविण्याचे व फवारण्याचे काम करू नये. शेंडा खुडणे, घडांची विरळणी ही कामे बहुधा स्त्रियाच करतात. फवारा पूर्ण वाळेपर्यंत व लेबलावर सांगितलेला काळ जाईपर्यंत त्यांस बागेत धाडू नये. फवारणीचे कपडे फवारणाऱ्यानेच, हातमोजे घालून, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. पुडे कोरड्या, थंड व कुलूपबंद जागी ठेवावेत. गोळे झालेले जुने औषध वापरू नये.

मिठाकडेही लक्ष द्यावे. गर्भवतीस रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. ते कमी पडलेल्या ग्रंथीस औषधाचा ताण सोसण्याची ताकद उरत नाही. आयोडीनयुक्त मिठाने औषधाचा दोष जात नाही. पण गुरांसाठी आणलेले खडे मीठ स्वयंपाकात वापरण्याची काही घरांतील रीत तरी बंद करता येईल. बागेत काम करणाऱ्या गर्भवतीने आपल्या कामाची माहिती आशा कार्यकर्तीस पहिल्याच भेटीत द्यावी, आणि रक्तातील टीएसएचची तपासणी पहिल्या तिमाहीतच करून घ्यावी.