उपदेश ऐकला, आता वाचू या!

बीड जिल्ह्यात आम्ही ख्रिस्ती मंडळी मोजकीच. त्यामुळे शेजारणी कधीकधी कुतूहलाने विचारतात, "दर बुधवारी दुपारी जमता, ते भजनाला का हो?" एखादं गीत होतं, नाही असं नाही. पण आम्ही जमतो ते वाचायला. मोठ्या बायकांचा पवित्र शास्त्राचा अभ्यासवर्ग असतो तो. जेवणखाण, भांडीकुंडी आवरून दोन ते तीन, मोजून एक तास.

कुणी म्हणेल, रविवारी उपासनेत पाळकसाहेब उपदेश करतात, मग हे आणखी कशाला? पण दोहोंत फरक आहे. उपदेश एकजण करतो, बाकीचे ऐकतात. मनात शंका आली तरी मध्येच उठून विचारता येत नाही आणि घरी येऊन कुकर लावेपर्यंत ती शंकाही विरून जाते. मी अर्धवेळ शाळेत शिकवते म्हणून सांगते, मुलाने नुसतं ऐकलेलं आणि स्वतः वाचून तोडकंमोडकं का होईना सांगितलेलं, यात जमीनअस्मानाचं अंतर असतं. मोठ्यांचंही तेच. पवित्र शास्त्र तर घरोघरी असतं, पण पुष्कळ ठिकाणी स्वच्छ कापडात गुंडाळून वरच्या फळीवर. धूळ बसत नाही, एवढंच!

बायकांनी शास्त्र स्वतः वाचावं, ही गोष्ट आपल्याकडे काही आज निघालेली नाही. पंडिता रमाबाईंचं नाव आपण सगळ्याच जाणतो. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हेही शाळेत वाचलेलं असतं. पण त्यांनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं, हे फारजणींना माहीत नसतं. मराठी बायबल त्याआधीही होतंच. बंगालमधल्या सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी मराठी नवा करार १८११ सालीच छापला होता. पण रमाबाईंना चालू भाषांतरांची भाषा जड वाटे. दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, टाकलेल्या विधवा त्यांच्याभोवती होत्या, त्यांना कळेल अशी मराठी हवी होती. संस्कृतची एवढी पंडिता, आणि तिनेच संस्कृत शब्द बाजूला सारून सोप्या बोलीचा हट्ट धरावा! त्यासाठी चाळिशी उलटल्यावर त्या मूळच्या हिब्रू आणि ग्रीक भाषांच्या अभ्यासाला बसल्या. छपाईही केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या मुलींच्या हातून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. "आता या वयात काय शिकायचं" म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी ही हकीकत आवर्जून सांगते. (ज्या मुकुंदराजांनी शास्त्रातलं ज्ञान मराठीत आणलं, त्यांची समाधी आमच्याच अंबाजोगाईला दाखवतात. तेव्हा सोप्या मराठीचा आग्रह आम्हां बीडकरांना परका वाटू नये.)

शेजारच्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट तर याहून घरगुती. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणून बाईंनी लगेच त्यांच्यामागून घेतला नाही. काही वर्षं स्वतः विचार केला, मनाशी भांडल्या, आणि पटलं तेव्हाच घेतला. नवऱ्याची श्रद्धा ती आपोआप आपली होत नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

आमच्या वर्गात सर्वांत रंगलं ते रूथचं पुस्तक. अवघे चार अध्याय. बेथलेहेमात दुष्काळ पडतो, म्हणून नामी नवरा नि दोन मुलगे घेऊन परमुलखात जाते. तिथे नवरा जातो, मुलगेही जातात. उरतात सासू आणि दोन विधवा सुना. सासू म्हणते, तुम्ही आपापल्या माहेरी जा. एक जाते. दुसरी, रूथ, सासूला सोडत नाही आणि अनोळखी गावी येऊन सातूच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते.

आता हे बीडच्या बाईला समजावून सांगायला लागतं का? दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून घरंच्या घरं उचल घेऊन ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. आमच्यातल्या एका बाईंनी तरुणपणी बरेच हंगाम कारखान्यावर काढले आहेत. शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना रूथच्या अंगाला हात लावू नका अशी ताकीद देतो, ते वाचून होताच त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाबी तसंच होतं म्हणा की. सांगावं लागत हुतं." खोलीत एकदम शांतता झाली. मी तो अध्याय किती वेळा वाचला असेल, उपदेशही ऐकले आहेत. निष्ठावान सून, आदर्श सून एवढंच सगळे सांगतात. शेतात एकट्या बाईला भीती असते, ही गोष्ट तिथे लिहिलेली आहे आणि ती त्या बाईंनाच दिसली.

मग त्या दिवशी पुढचे अध्याय राहिले. शेताच्या कडा साफ कापू नका, पडलेलं धान्य गरिबाला आणि परक्याला राहू द्या, हा मोशेच्या नियमशास्त्रातला दंडक आम्ही लेवीय पुस्तकात काढून पाहिला. तो रूथचा हक्क होता, धर्मादाय नव्हे, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणाली, हक्क असून बवाजासारखा मालक नसता तर? वाद मिटला नाही. मिटायलाच हवा असंही मला वाटत नाही.

श्रद्धा वाढते म्हणजे काय होतं, असं कुणी विचारलं तर मी याकोबाच्या पत्राकडे बोट दाखवीन. सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला खाली बसवणं, यावर तिथे सडकून टीका आहे. ते वाचल्यावर आमच्याकडे सतरंजीवर पुढे-मागे बसणं बंद झालं. कोण पूर्वी कुठल्या वस्तीतले, हे आमच्यातही कुजबुजलं जातंच. ती कुजबुज निदान त्या तासापुरती थांबली.

वर्ग सुरू करायचा झाला तर आठदहा जणी पुरे. पाळकसाहेबांना जरूर कळवावं, अडलेले प्रश्न त्यांना विचारावेत, पण बोलण्याची पाळी प्रत्येकीची ठेवावी. मोठ्याने वाचायचं, आळीपाळीने. वाचता न येणारीला वगळू नये. ऐकून तिने तिच्या शब्दांत गोष्ट सांगावी, बहुधा तीच उत्तम सांगते. इथे काय घडलं, काय कळलं नाही, आणि आपल्या घरात याचं काय, एवढ्या तीन प्रश्नांवर तास निघतो. घरातली भांडणं तिथे निघाली तर ती तिथेच ठेवायची, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं. चहा करू नये! एकीने चहा केला की दुसरी पोहे करते, आणि मग वर्ग ज्यांना परवडतो त्यांच्याच घरी भरू लागतो.

रूथनंतर मार्कचं शुभवर्तमान घ्यावं. सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट भरभर पुढे जाते. ऊसतोडीच्या दिवसांत आमचा वर्ग निम्मा होतो. जाणाऱ्यांना मार्कची सुटी पुस्तिका देतो, आणि जिला वाचता येत नाही तिच्या मोबाईलमध्ये मराठी बायबलचं ध्वनिमुद्रण भरून देतो. मागच्या खेपेस एकीने कोपीवर रात्री ते लावलं, तर शेजारच्या कोप्यांतल्या बायकाही ऐकायला येऊन बसल्या म्हणे.