तांब्या, डाळिंब आणि कोरा कागद

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतलं 'स्थिरचित्र' आठवतंय? भांडं, कापड, दोन फळं. परीक्षा संपली की बहुतेकांचे ब्रश माळ्यावर जातात. काढा ते खाली! बारामती-इंदापूरकरांना विषय शोधावा लागत नाही. पितळी तांब्या, इंदापूरचं डाळिंब, गुळाची ढेप, सगळं घरातच आहे.

तांब्यापासून सुरुवात करा. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच, म्हणून चकाकीची जागा आधीच कोरी सोडायची. मग पातळ यलो ऑकर, तो ओला असतानाच कडेला बर्न्ट सिएना. सावलीला काळा नको (माझं ऐकाल तर तो पेटीतून काढूनच टाका). अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की छान करडा मिळतो. तांब्याच्या पोटावर डाळिंबाची लाल छटा पडते, ती नीट बघा. खरी मजा तिथेच आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंग बघता बघता वाळतो. कागद दोन्ही बाजूंनी ओला करा आणि सकाळीच बसा. उजेड एकाच खिडकीतून घ्या.

म्हैसूरला गेलात तर जगनमोहन पॅलेसमधलं सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' चुकवू नका. हातातल्या दिव्याचा उजेड बोटांतून झिरपतो, तोही जलरंगात!