यादीबाहेरचे मानकरी

तळेगाव स्टेशनच्या बाजूला, कंपन्यांच्या बसगाड्या पहिल्या पाळीच्या कामगारांना उतरवून गेल्यावर, चहाच्या टपऱ्यांवर जे वाद रंगतात त्यांत राजकारणाच्या खालोखाल मान क्रिकेटचा असतो. आणि सोमाटणे फाट्यापलीकडे, द्रुतगती मार्गालगत, गहुंज्याचे मैदान २०१२ साली खुले झाल्यापासून या वादांना एक प्रकारचा स्थानिक अधिकारही प्राप्त झालेला आहे. आज कोण कसा खेळतो यापेक्षा, जे खेळून मोकळे झाले त्यांची प्रतवारी लावण्यातच या मंडळींना अधिक गोडी. ‘‘हजारे नाहीत त्या यादीत? मग ती यादी कसली!’’ असे निवृत्त झालेला एखादा फिटर तावातावाने म्हणतो, आणि त्याच्या नातवाच्या वयाचा कोणी विचारतो, ‘‘काका, हजाऱ्यांना खेळताना तुम्ही तरी कुठं पाहिलंय?’’ प्रश्न बिनतोड खरा. परंतु न पाहिलेल्यांविषयी भांडता येऊ नये असा दंडक घातला तर इतिहास नावाचे शास्त्रच बंद पडेल.

वादाचे मूळ असलेली यादी म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ साली सुरू केलेले ‘हॉल ऑफ फेम’. प्रारंभीच्या नामावलीत बेदी, गावसकर व कपिल देव होते. पुढे कुंबळे, द्रविड, तेंडुलकर आले, सेहवागबरोबर डायना एदलजी आल्या, नंतर नीतू डेव्हिड आणि २०२५ मध्ये धोनी. २०२५ अखेर विनू मांकडांसह ही संख्या अकरा भरते. मांकडांना मात्र २०२१ साली, जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या निमित्ताने, निरनिराळ्या कालखंडांतील दहा जणांची जी खास तुकडी निवडण्यात आली तिच्यातून प्रवेश मिळाला. अर्थात त्यांची योग्यता वादातीतच. पण ज्या वाटेने मांकड आत गेले तीच वाट, १९४८ साली ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढणाऱ्या आणि १९५२ साली मद्रासला भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणाऱ्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांना का मोकळी झाली नाही, या तक्रारीला कोणाकडून समर्पक कैफियत मिळत नाही.

अमेरिकेत बेसबॉलचे रसिक हीच लढाई आपल्याहून कितीतरी अधिक पद्धतशीरपणे लढतात. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावी १९३९ साली त्या खेळाचे कीर्तिमंदिर उघडले, आणि त्याचे कायदेकानू प्रत्येक रसिकाला तोंडपाठ असतात : खेळाडू दहा हंगाम खेळलेला हवा, निवृत्त होऊन पाच वर्षे लोटलेली हवीत, दीर्घ अनुभवाच्या क्रीडा-पत्रकारांपैकी पाऊणशे टक्क्यांची मते त्याला पडली पाहिजेत, पाच टक्क्यांहून कमी पडली तर नाव खारीज, आणि दहा वर्षांत निकाल लागला नाही तरीही खारीज. २०२५ साली इचिरो सुझुकी या जपानी खेळाडूला ३९४ पैकी ३९३ मते पडली, तेव्हा तो एक विरुद्ध गेलेला पत्रकार कोण, याचाच शोध लोक महिनोन्महिने घेत राहिले. पीट रोझ याने विक्रमी ४,२५६ फटके मारूनही जुगारापायी १९८९ मध्ये त्याला आजन्म बहिष्कृत करण्यात आले; २०२४ मध्ये तो मृत्यू पावला आणि पुढच्याच वर्षी त्याचे नाव अपात्रांच्या यादीतून काढण्यात आले. म्हणजे खटला आरोपीपेक्षा दीर्घायुषी ठरला. अशा लेखी नियमांचा एक मोठा गुण असा, की माणसे निदान एकाच मुद्द्यावर भांडतात. आपल्याकडे मात्र ‘अन्याय झाला’ या एकाच शब्दाच्या गाठोड्यात चार निराळ्या फिर्यादी बांधल्या जातात, आणि त्या सोडवून पाहिल्याखेरीज कोणाचा दावा कितपत सबळ हे कळत नाही.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत सबळ फिर्याद बाळू पालवणकरांची. चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा पुण्यात युरोपीयांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करी, आणि साहेबलोकांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता डावखुऱ्या फिरकीत असा पारंगत झाला की हिंदू संघाला त्याला घेतल्यावाचून गत्यंतर उरले नाही. घेतले खरे, पण चहापानाच्या वेळी सहकारी आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत असता त्याला बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि जेवणाचे ताटही वेगळ्या मेजावर मांडले जाई. १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाच्या, विठ्ठलच्या, वाट्यास आले. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ साली, म्हणून कसोटीच्या मापाने बाळूचे माप शून्यच भरणार. कूपर्सटाउनच्या चालकांपुढे असाच पेच होता : वर्णभेदामुळे ज्यांना मुख्य स्पर्धांत पाऊलच टाकू दिले नाही, त्या कृष्णवर्णीयांचे काय करावे? १९७१ साली सॅचेल पेज याला घेताना प्रथम त्यांनी निराळे दालन करण्याचा घाट घातला. त्यावर एवढा गहजब झाला की त्याला इतरांच्याच पंक्तीत सन्मानाने बसवावे लागले.

प्राध्यापक दि. ब. देवधरांची गोष्ट याहून सौम्य आहे. त्यांच्यावर कोणी जुलूम केला नाही. केला असेल तर पंचांगाने. १९२६ साली गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा केल्या तेव्हा ते चौतिशीत होते, आणि पहिली कसोटी आली तेव्हा चाळिशीत. पण पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या या गृहस्थांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला, हे कर्तृत्व कसोटीच्या टोपीवाचून अडत नाही.

भाऊसाहेब निंबाळकरांचे प्रकरण मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड हा सामना चालू असता, कोल्हापूरचा हा फलंदाज ४४३ धावांवर नाबाद होता. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक उच्चांक नऊ धावांवर येऊन ठेपला होता. इतक्यात मध्यंतर झाले. काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सांगून पाठवले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी जातो. महाराष्ट्राच्या कर्णधारांनी आणखी दोन षटके तरी खेळू द्या म्हणून विनवले. साहेब बधले नाहीत, सामना सोडून ते खरोखरच चालते झाले, आणि एका बाजूला ८२६ धावा व चार बळी असा फलक तसाच राहिला. विशेष हे, की त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात पाच कसोट्या खेळत होता, आणि निंबाळकर त्यांपैकी एकीतही नव्हते; पुढेही कधी नव्हते. येथे भावनेला थोडा आवर घालणे प्राप्त आहे, कारण काठेवाडची गोलंदाजी म्हणजे कसोटीची गोलंदाजी नव्हे, आणि एका डावावर कोणी कीर्तिमंदिर बांधत नाही. परंतु त्यांची संपूर्ण कारकिर्दीतील सरासरी अठ्ठेचाळीसच्या आसपास भरते, ही बाब विसरून केवळ त्या नऊ धावांसाठी हळहळणारे रसिक त्यांची बाजू कमकुवत करतात असे मला वाटते.

पद्माकर शिवलकरांना कसोटी मिळाली नाही याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. ते बेदी होते. ५८९ प्रथम श्रेणी बळी घेणारा हा डावखुरा गोलंदाज १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉकवर उभा राहिला आणि ८ बाद १६ व ५ बाद १८ अशा कामगिरीने त्याने तमिळनाडूला ८० आणि ६१ धावांत गुंडाळले. सामना दोन दिवस आणि एका चेंडूत आटोपला. हा अन्याय नव्हे, दुर्दैव आहे. एका संघात एकाच पद्धतीचे दोन गोलंदाज सहसा मावत नाहीत, आणि बेदी निःसंशय थोर होते. तथापि, गावसकरांनी आपल्या आदर्शांविषयी पुस्तक लिहिताना एकही कसोटी न खेळलेल्या शिवलकर आणि हरियाणाच्या राजिंदर गोयल यांना त्यात स्थान दिले, आणि नियामक मंडळाने २०१७ साली त्याच दोघांना सी. के. नायडू पुरस्कार दिला, म्हणजे जाणकारांचा निवाडा यादीहून वेगळा होता.

मुंबईच्या वानखेडे मैदानावर प्रेक्षागारांना मर्चंट, गावसकर, तेंडुलकर अशी नावे आहेत. २०२५ च्या मे महिन्यात त्यांत वाडेकरांची आणि एकदिवसीय सामने अजून खेळतच असलेल्या रोहित शर्माची भर पडली. पाच वर्षे थांबण्याचा अमेरिकन नियम येथे आठवल्यावाचून राहत नाही. आमच्या गहुंज्यास मात्र तिकिटावर उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा दिशाच छापलेल्या असतात, आणि उन्हात तापलेल्या बाकावर बसल्यावर कोणती दिशा कोणती हे सूर्यच सांगतो. मैदानाला एकदा एका उद्योगसमूहाच्या प्रमुखांचे नाव दिले होते, ते पैशांच्या वादात उतरले. मला कोणी विचारील असे नाही. पण विचारलेच तर पहिली बाजू पालवणकरांची, दुसरी देवधरांची, आणि तिसरी, त्या ४४३ धावा पुण्यातच झाल्या म्हणून, निंबाळकरांची. शिवलकर मुंबईचे, त्यांची काळजी वानखेडेने वाहावी. चौथ्या बाजूवर हजाऱ्यांचा हक्क सांगावा तर हरकत निघते की ते बडोद्याचे. परंतु बडोद्यास जाण्यापूर्वी, १९३९-४० च्या हंगामात, ते देवधरांच्या हाताखाली महाराष्ट्राकडून खेळले, आणि त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या त्या बडोद्याविरुद्धच. तरुण मंडळी पिंपरी-चिंचवडच्या ऋतुराज गायकवाडाचे नाव पुढे करतात. त्याची वेळ येईल तेव्हा त्याच्याविषयी अवश्य भांडू. अजून तो खेळतो आहे.